भरत आलेल्या जखमेचे विक्रेते

‘जखमेला जरा वारा लागू दे, म्हणजे सुकेल,’ असं आपल्या आज्या सांगत आल्या. जॉर्ज विंटर या संशोधकाने 1962 मध्ये डुकरांच्या त्वचेवर लहान जखमा करून पाहिल्या, तेव्हा उलटंच निघालं. उघड्यावर खपली धरलेल्या जखमेपेक्षा पातळ प्लास्टिकखाली ओलसर राहिलेल्या जखमेवर नवी त्वचा सुमारे दुप्पट वेगाने आली. जखम ओलसर हवी, पण तिच्यात पाणी साचायला नको. या कात्रीतून मार्ग काढण्यावर आज जगभर मोठा धंदा चालतो आणि त्यात एक फार चमत्कारिक नोकरी आहे: जखमेवरच्या पंपाच्या विक्री प्रतिनिधीची.

आधी तो पंप पाहू. अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठातले प्लास्टिक सर्जन लुई अर्जेंटा आणि त्यांचे सहकारी मायकेल मोरिक्वस यांनी तो घडवला. जखमेच्या आकाराचा फोम कापायचा, आत बसवायचा, वरून पारदर्शक चिकट पडदा लावून हवाबंद करायचं, एक नळी जोडायची आणि हवा खेचायची. दाब पाऱ्याच्या 125 मिलिमीटरने कमी करतात, म्हणजे भोवतालच्या हवेपेक्षा जेमतेम एक षष्ठांश कमी. एवढ्यावर जखमेच्या कडा आत ओढल्या जातात, साचलेला स्राव निघून जातो आणि फोमच्या सूक्ष्म छिद्रांत ओढल्या गेलेल्या पेशींना ताण बसतो. ताणलेली पेशी विभागू लागते! 1997 मध्ये छापलेल्या त्यांच्या प्रयोगांत, पुन्हा डुकरांवरच, सलग खेचल्यावर नवं मांस साध्या ओल्या गॉजपेक्षा सुमारे 63 टक्के अधिक वेगाने भरलं. थांबून थांबून खेचल्यावर तर सुमारे 103 टक्के. तरीही माणसांवर बहुधा सलगच खेचतात, कारण पंप थांबून पुन्हा सुरू झाला की जखम कळवळते. डुकराला विचारायची सोय नव्हती.

टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या केसीआय या कंपनीने हे यंत्र बाजारात आणलं. अमेरिकी औषध प्रशासनाची परवानगी 1995 मध्ये मिळाली. घरी पाठवलेल्या रुग्णाला पंप सहसा भाड्याने मिळतो. इथून प्रतिनिधीची गंमत सुरू होते, आणि पंचाईतही.

घरच्या पंपाचं भाडं अमेरिकेतल्या ज्येष्ठांना मेडिकेअर ही सरकारी विमायोजना देते. तिचा नियम असा की जखमेची लांबी, रुंदी, खोली दर महिन्याला मोजून नोंदवायची. महिनाभरात जखम आक्रसली नाही, तर भाडं बंद. जखम भरून आली, तर अर्थातच बंद. आणि काहीही झालं तरी चार महिन्यांनंतर बंद, त्यात रुग्णालयातले दिवसही धरायचे. म्हणजे कंपनीला पैसा मिळतो तो फक्त बरी होत असलेल्या, पण अजून बरी न झालेल्या जखमेचा. ज्याचा माल उत्तम चालला की गिऱ्हाईक सुटतं, असा दुसरा विक्रेता मला तरी आठवत नाही.

त्यामुळे या माणसाचा दिवस सर्जनच्या केबिनबाहेर बसण्यात कमी आणि कागद गोळा करण्यात जास्त जातो. डिस्चार्जची तारीख शुक्रवार संध्याकाळची, डॉक्टरची सही राहिलेली, परिचारिकेने जखमेची खोली लिहिलेली नाही. एक रकाना रिकामा राहिला तर पैसे अडतात. शिवाय पंप दिवसाला दोन तासांहून जास्त बंद राहता कामा नये, म्हणून रात्री अलार्म वाजला की कुठे ना कुठे फोन वाजतोच. जखमेला हात लावायचा अधिकार मात्र त्याला नाही. जबाबदारी नर्सइतकी आणि ओळख सेल्समनची, हे या नोकरीचं खरं दुखणं आहे.

बाकीची दुखणी वरून येतात. 2009 मध्ये अमेरिकी सरकारने करवून घेतलेल्या आढाव्यात, एका कंपनीचा पंप दुसऱ्यापेक्षा गुणकारी असल्याचा पुरावा सापडला नाही. मग ‘आमचाच घ्या’ कोणत्या तोंडाने सांगायचं? 2013 पासून मेडिकेअरने काही भागांत पंपांच्या पुरवठ्यासाठी कंपन्यांकडून बोली मागवून कंत्राटं द्यायला घेतली. ज्याची बोली हुकली, त्याच्या प्रतिनिधीचा तिथला मेडिकेअरचा धंदा गेला. केसीआय तर 2011 मध्येच खासगी गुंतवणूकदारांकडे गेली होती, पुढे तिचं नाव असेलिटी झालं, 2019 मध्ये थ्रीएमने ती सुमारे 670 कोटी डॉलरला घेतली आणि 2024 मध्ये थ्रीएमचा सगळा आरोग्य विभाग सोल्व्हेंटम नावाने वेगळा निघाला. यंत्र तेच, बदलत गेलं ते व्हिजिटिंग कार्ड, आणि बहुधा टार्गेटही.

पुढे काय? विज्ञानाचं उत्तर सरळ नाही. पायाचं हाड मोडून उघडी जखम झालेल्या 460 रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेली चाचणी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभरानंतरच्या अपंगत्वात पंपवाले आणि साध्या ड्रेसिंगवाले यांच्यात फरक दिसला नाही. मधुमेहामुळे पायाचा भाग कापलेल्या 162 रुग्णांवरच्या 2005 च्या चाचणीत मात्र पंपवाल्यांपैकी 56 टक्के बरे झाले, इतरांपैकी 39 टक्के. म्हणजे पंप सर्वत्र विकायची वस्तू नाही, पण योग्य जखमेला तिचं मोल आहे. वाढ आता शिवलेल्या, बंद जखमांवर लावायच्या लहान पंपांत दिसते. स्मिथ अँड नेफ्यूचा पिको दोन साध्या पेन्सिल सेलवर सात दिवस चालतो. त्याला स्रावाची बाटलीच नाही, बहुतेक ओलावा ड्रेसिंगमधून हवेत उडून जातो. असं यंत्र भाड्याने द्यावं लागत नाही, वापरून टाकून देतात. ज्याला पूर्वीसारखी भाड्याची नोंदवही हवी, त्याला यात भविष्य नाही.

शेजारच्या दालनात, त्वचेच्या पर्यायांच्या विक्रीत, काय झालं तेही पाहावं. मेडिकेअरचा त्यावरचा खर्च 2024 मध्ये 1000 कोटी डॉलरच्या पुढे गेला आणि 2026 पासून सरकारने चौरस सेंटिमीटरमागे सुमारे 127 डॉलरचा सरसकट दर बांधला. फुगलेलं कमिशन एका आदेशाने बसतं, हे तिथल्या प्रतिनिधींनी आता पाहिलं आहे.

आपल्याकडे मुंबईच्या सायन रुग्णालयातल्या डॉक्टरांनी भाजलेल्या जखमांवर केळीच्या पानाचं ड्रेसिंग वापरून 2003 मध्ये त्याचे निष्कर्ष ‘बर्न्स’ या नियतकालिकात छापले. स्वस्त, गुळगुळीत, जखमेला न चिकटणारं. केळीच्या पानाला विक्री प्रतिनिधी नसतो. एरवी ते अजून दूर गेलं असतं.

तुमच्या घरात कोणाला असा पंप लावायची वेळ आली, तर तो दाखवायला आलेल्या मुलाला ताटकळत ठेवू नका, त्याला बरंच ठाऊक असतं. पण विचारा: दिवसाचं भाडं किती, जखम दर आठवड्याला कोण मोजणार, आत फोमचे किती तुकडे घातले आणि ते कुठे लिहिले आहेत? रुग्ण रक्त पातळ करणारं औषध घेत असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा. अमेरिकेत 2007 पासून 2011 पर्यंत या पंपांशी संबंधित 12 मृत्यू नोंदले गेले, आणि सर्वांत गंभीर धोका रक्तस्रावाचाच होता.