चमचा 'तो' की 'ती'?

मुलांनो, 'स्पून'ला जर्मन भाषेत काय म्हणतात? 'ल्योफेल'. पण एवढ्यावर भागत नाही हं!

इंग्रजीत चमचा, काटा, सुरी, सगळ्यांच्या आधी एकच 'द' लावला की झालं. जर्मनमध्ये मात्र पुल्लिंगी शब्दाला 'देअर', स्त्रीलिंगीला 'दी' आणि नपुंसकलिंगीला 'दास' लावतात. म्हणून चमचा 'देअर ल्योफेल', काटा 'दी गाबेल' आणि सुरी 'दास मेसर'. म्हणजे तिकडे काटा 'ती' आणि सुरी 'ते'! आहे की नाही गंमत?

इंग्रजी बोलणारी मुलं इथे हमखास अडखळतात. तुम्हांला मात्र तीन लिंगांची सवय आहे. तो पेला, ती वाटी, ते ताट, हे तुम्ही शाळेत जाण्याआधीच शिकलात. हिंदीत दोनच लिंगं आहेत. मराठीत जर्मनसारखी तीन.

लिंग वस्तूचं नसतं, शब्दाचं असतं. बघा ना, एकाच कामाच्या वस्तू, पण ती सुरी आणि तो चाकू! म्हणून जर्मन शिकताना नुसतं 'ल्योफेल' पाठ करायचं नाही. 'देअर ल्योफेल' असं जोडीनंच करायचं.

आज स्वयंपाकघरातल्या दहा वस्तू 'तो, ती, ते' अशा तीन रकान्यांत लिहून काढा. कोणता रकाना आधी भरतो, बघू या!