दुप्पट वजन, दुप्पट औषध?

दोन स्त्रिया आहेत. दोघींची उंची १६० सेंटीमीटर. एकीचे वजन ६० किलो, दुसरीचे १२० किलो. दोघींना एकच आजार झाला आहे आणि एकच औषध द्यायचे आहे. मग पहिलीला जेवढे औषध द्यायचे, त्याच्या दुप्पट दुसरीला द्यावे का? त्रैराशिक शिकलेला विद्यार्थी चटकन 'हो' म्हणेल. डॉक्टर 'नाही' म्हणतील. पण मग नेमके किती, या प्रश्नावर डॉक्टरांमध्येही बराच काळ एकमत नव्हते.

हा प्रश्न ज्या आजारात वारंवार उभा राहतो, तो म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कर्करोग. आपल्याकडे अधिक परिचित असलेला गर्भाशयमुखाचा कर्करोग वेगळा. तो विषाणूमुळे होतो. अस्तराच्या कर्करोगाचे नाते आहे ते लठ्ठपणाशी, आणि हे नाते फार घट्ट आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली या विषयावरचा पुरावा एकत्र मांडला. त्यानुसार ज्यांचा देहभारांक ४० किंवा त्याहून अधिक आहे, अशा स्त्रियांना हा कर्करोग होण्याची शक्यता सामान्य वजनाच्या स्त्रियांच्या सुमारे सात पट असते. (किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की देहभारांक मिळतो. आपल्या दुसऱ्या स्त्रीचा तो ४७ च्या आसपास येतो, करून पाहावे.)

असे का व्हावे? चरबी म्हणजे जास्तीच्या अन्नाचे गोदाम, अशी आपली समजूत असते. पाठ्यपुस्तकेही बहुधा तेवढ्यावरच थांबतात. खरे तर हे गोदाम नसून कारखाना आहे. गर्भाशयाचे अस्तर वाढते ते इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे, आणि त्या वाढीला आवर घालते ते प्रोजेस्टेरॉन. रजोनिवृत्तीनंतर स्त्रीबीजकोषांतून या दोहोंचा पुरवठा जवळजवळ थांबतो. मात्र मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अँड्रोस्टेनडायोन नावाचे संप्रेरक तयार करतच राहतात आणि चरबीतील अॅरोमटेज हे विकर त्याचे इस्ट्रोजेन बनवते. चरबी जितकी अधिक, तितके हे रूपांतर अधिक, असे मॅकडोनाल्ड, सीटेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली अमेरिकेत मोजून दाखवले. त्याआधी तीन वर्षे, १९७५ मध्ये, रजोनिवृत्तीनंतर नुसत्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेणाऱ्या अमेरिकन स्त्रियांमध्ये हा कर्करोग वाढल्याचे दिसून आले होते. म्हणजे लठ्ठ स्त्रीचे शरीर तिला न विचारताच ती गोळी रोज देत असते, आणि आवर घालणारे प्रोजेस्टेरॉन मात्र त्यात नसते.

आता एक चमत्कारिक गोष्ट. अशा रीतीने होणारा कर्करोग बहुतेक वेळा सौम्य वळणाचा असतो. लेनिनग्राडच्या बोखमन यांनी १९८३ सालीच या रोगाचे दोन प्रकार सांगितले होते. लठ्ठपणाशी जोडलेला तो हळू वाढणारा. शिवाय तो लवकर लक्षात येण्याजोगा आहे. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर थोडासाही रक्तस्राव झाला, तर ती त्याची खूण असू शकते. 'उष्णतेने झाले असेल' म्हणून ती सोडून देऊ नये. तपासणी वेळेवर झाली तर रोग गर्भाशयाबाहेर पसरण्याआधीच सापडतो आणि गर्भाशय, बीजनलिका व बीजकोष काढून टाकले की बहुतेक जणी बऱ्या होतात.

मग अडचण कोठे आहे? रोग सौम्य असला तरी उपचार सौम्य राहत नाहीत. पोट उघडून शस्त्रक्रिया करायची तर चरबीच्या जाड थरातून जावे लागते. या थराला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे जखम चिघळण्याची आणि टाके उसवण्याची भीती अधिक. त्यापेक्षा लहान छिद्रांतून दुर्बिणीने केलेली शस्त्रक्रिया बरी. पण तिच्यासाठी टेबल डोक्याकडे उतरते करावे लागते, म्हणजे आतडी छातीकडे सरकतात आणि ओटीपोट मोकळे होते. अशा वेळी जड पोटाचा सगळा भार श्वासपटलावर येतो आणि भूलतज्ज्ञाला फुप्फुसांत हवा भरणे अवघड जाते. दोन हजार सहाशेंहून अधिक स्त्रियांवर झालेल्या एका अमेरिकन चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. दुर्बिणीने सुरू केलेली शस्त्रक्रिया अर्ध्यावर सोडून पोट उघडण्याची वेळ, देहभारांक २५ असता शंभरातल्या १७-१८ जणींवर आली. तो ४० च्या वर असता ५७ जणींवर. जिला लहान छिद्रांचा फायदा सर्वांत अधिक, तिच्याच बाबतीत ती वाट सर्वांत बिकट! यंत्रमानवाच्या हातांनी होणाऱ्या शस्त्रक्रियेने ही अडचण बरीच कमी केली आहे, पण तिचा खर्च सर्वांना झेपणारा नाही.

किरणोपचारांचेही तसेच. किरणांचा नेम धरण्यासाठी रुग्णाच्या कातडीवर बारीक ठिपके गोंदतात. पण स्थूल पोटावरची कातडी रोज थोडी इकडेतिकडे सरकते. आतले लक्ष्य तिच्याबरोबर सरकत नाही. म्हणून प्रत्येक बैठकीआधी प्रतिमा घेऊन नेम तपासावा लागतो. यावर एक सुंदर उतारा मात्र आहे. किरणोत्सारी स्रोत नळीतून योनिमार्गातच थोडा वेळ ठेवला, तर किरण आतून बाहेर जातात आणि पोटावरच्या चरबीचा प्रश्नच उरत नाही. मध्यम धोक्याच्या बऱ्याच रुग्णांना एवढे पुरते, हे नेदरलँड्समधील एका चाचणीने २०१० साली दाखवून दिले.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. रोग पसरलेला असेल तर पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन ही दोन औषधे बहुधा एकाच दिवशी शिरेतून देतात. पॅक्लिटॅक्सेलची मात्रा शरीराच्या पृष्ठफळावर ठरते. हे पृष्ठफळ मोजायचे कसे? द्यू बॉय यांनी १९१६ साली दिलेले सूत्र अवघ्या नऊ माणसांच्या मापांवर उभे होते. अंगावर कागदाच्या पट्ट्या चिकटवून त्यांनी साचे घेतले होते. १९८७ साली मोस्टेलर यांनी सोपे सूत्र सुचवले: सेंटीमीटरमधली उंची गुणिले किलोमधले वजन, भागिले ३६००, आणि आलेल्या संख्येचे वर्गमूळ. पहिल्या स्त्रीचे पृष्ठफळ १.६३ चौरस मीटर येते, दुसरीचे २.३१. वजन दुप्पट, पृष्ठफळ मात्र 'दोनाचे वर्गमूळ' पट. दर चौरस मीटरला १७५ मिलिग्रॅम धरले तर पहिलीला २८६ मिलिग्रॅम आणि दुसरीला ४०४.

येथे डॉक्टरांचा हात अडखळत असे. इतके विषारी औषध इतके जास्त कसे द्यायचे? म्हणून कित्येक ठिकाणी पृष्ठफळ २ च्या वर धरायचेच नाही, असा रिवाज पडला होता. त्या हिशेबाने दुसरीला ३५० मिलिग्रॅमच मिळे, म्हणजे सुमारे १३ टक्के कमी. दयाबुद्धीने केलेली ही कपात रोगाच्या पथ्यावर पडणारी होती. पूर्ण मात्रेने लठ्ठ रुग्णांना अधिक अपाय होतो, असा पुरावा नाही. म्हणून अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली प्रत्यक्ष वजनाप्रमाणे पूर्ण मात्रा द्यावी असे सांगितले आणि २०२१ मध्ये ते पुन्हा ठासून मांडले.

पण कार्बोप्लॅटिनला हा नियम जसाच्या तसा लावता येत नाही. त्याची मात्रा ठरते मूत्रपिंडे रक्त किती वेगाने गाळतात यावर. हा वेग रक्तातल्या क्रिएटिनीनवरून काढतात आणि त्या सूत्रात वजनाने गुणावे लागते. क्रिएटिनीन येते स्नायूंतून, चरबीतून नव्हे. म्हणून १२० किलो हे वजन तसेच घातले तर कागदावरची मूत्रपिंडे खऱ्यापेक्षा भलतीच कार्यक्षम ठरतात. येथे जादा वजनाचा काही भागच हिशेबात धरतात आणि मिनिटाला १२५ मिलिलिटर ही कमाल मर्यादा पाळतात. एकच रुग्ण, एकच दिवस. एका औषधासाठी पूर्ण वजन, दुसऱ्यासाठी कापलेले. आम्हाला तर सूत्र कोणत्या गृहीतावर उभे आहे, हे शिकवण्यासाठी याहून चांगले उदाहरण आठवत नाही.

'आधी वजन उतरवा, मग शस्त्रक्रिया पाहू' असे कोणी सुचवले तर? एरवीचा हा शहाणा सल्ला येथे धोक्याचा आहे. कर्करोग वाट पाहत नाही. अगदी सुरुवातीच्या अवस्थेत, मूल हवे असेल किंवा शस्त्रक्रिया झेपणारी नसेल, तर गर्भाशयात प्रोजेस्टेरॉनसारखे संप्रेरक सोडणारे साधन बसवतात. ऑस्ट्रेलियातील एका चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. तीत कर्करोगाच्या सुरुवातीच्या किंवा त्याआधीच्या अवस्थेतील लठ्ठ स्त्रिया होत्या. नुसत्या साधनाने सहा महिन्यांत ६१ टक्के स्त्रियांत रोगाची खूण नाहीशी झाली. सोबत वजन घटवण्याचा कार्यक्रम असलेल्या गटात ६७ टक्क्यांत. गट लहान होते, त्यामुळे या फरकावर फार भिस्त ठेवता येत नाही.

भारतात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी जादा वजनाच्या स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०.६ टक्के होते, ते २०१९-२१ च्या पाहणीत २४ टक्क्यांवर गेले. यांतल्या पुष्कळ जणी येत्या दोन-तीन दशकांत रजोनिवृत्तीचे वय ओलांडतील.

आणखी एक आकडेवारी येथे सांगायला हवी. तेहतीस हजारांहून अधिक अमेरिकन रुग्णांच्या नोंदी तपासून २०१२ साली असे आढळले, की या कर्करोगाच्या रुग्णांच्या मृत्यूचे पहिले कारण हा कर्करोग नसून हृदयविकार व रक्तवाहिन्यांचे विकार हे होते. तेव्हा गर्भाशय काढल्यावर दर काही महिन्यांनी तपासणीला येणाऱ्या बाईंचा रक्तदाब आणि साखर कोणी पाहायची, शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी की गावातल्या नेहमीच्या डॉक्टरांनी, हे घरी सोडतानाच्या कागदावर लिहून द्यायला हवे. अनेकदा त्यावर फक्त पुढच्या तपासणीची तारीख असते.