बीडची गाडी आणि उतारूंची सोय

मराठवाडा मुक्तिदिनी, १७ सप्टेंबर २०२५ रोजी, बीड शहरातून पहिली आगगाडी अहिल्यानगरकडे सुटली. या घटनेचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. अहमदनगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गास १९९५च्या सुमारास मंजुरी मिळाली, तेव्हा खर्चाचा अंदाज सुमारे ३५३ कोटी रुपयांचा होता. पुढे तो ४,८०० कोटींच्या घरात गेला व निम्मा भार राज्य सरकारने उचलला. त्या वेळी शाळेत जाणारी मुले आता आपल्या मुलांना गाडी दाखवावयास फलाटावर येत असतील, तर त्यांच्या आनंदास गालबोट लावण्याची आमची इच्छा नाही.

परंतु हारतुरे वाळल्यावर गाडीची पारख उतारूच करतो. आरंभीच्या वेळापत्रकाप्रमाणे ही डेमू गाडी सकाळी सातच्या आत अहिल्यानगर सोडून दुपारी साडेबाराला बीडला पोचावयाची, एक वाजता परत फिरून सायंकाळी साडेसहाला अहिल्यानगर गाठावयाची. रविवारी तीही नाही. सुमारे १६७ किलोमीटरांस साडेपाच तास! बीडच्या माणसाने भर दुपारी घर सोडावे, कचेऱ्या व दवाखान्यांच्या खिडक्या मिटल्यावर नगरात उतरावे, रात्रीचा मुक्काम पदरमोड करून काढावा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, काम न होताच, परतीची गाडी धरावी, असा हा हिशेब आहे. एस. टी. हाच प्रवास बऱ्याच कमी वेळात करते. तिचे पत्रे खडखडत असले तरी ती सकाळी नेते व रात्री घरी आणून सोडते. मग उतारूने जुन्या मैत्रिणीस का सोडावे?

नवे ते लोकांस नकोच असते, हा अधिकाऱ्यांचा आवडता समज आहे. मुंबईचा अनुभव तो खोटा पाडतो. तेथे २०१७च्या नाताळात पहिली वातानुकूलित लोकल धावली. ऑगस्ट २०२२ मध्ये कळवा व बदलापूर येथे उतारू संतापले, ते गारव्यावर नव्हे. साध्या गाडीच्या जागी, त्याच वेळेस, महाग तिकिटाची गाडी आली, यावर त्यांचा रोष होता. मध्य रेल्वेने नव्या दहा फेऱ्या आठवड्याच्या आत मागे घेतल्या. डब्याच्या झळाळीपेक्षा वेळ, भाडे आणि उभे राहावयास जागा यांची किंमत चाकरमान्यास अधिक कळते.

बीडच्या उतारूची आणखी एक शंका आहे आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही. याच मार्गावर आष्टीहून निघालेल्या डेमूचे पाच डबे १६ ऑक्टोबर २०२३ रोजी नारायणडोहनजीक जळाले. प्राणहानी टळली, हे सुदैव. पण नवी गाडी म्हणजे निर्धोक गाडी, हे गृहीत धरून चालणार नाही. डब्यांच्या देखभालीबाबत रेल्वेने जाहीर खुलासा करावयास हवा.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास, परळीला, निजामाच्या राजवटीपासून आगगाडी आहे. बीड-परळी हा तुकडा जोडला गेला की सारे सुरळीत होईल, असे सांगितले जाते. तोवर थांबण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. एक गाडी रात्री बीडलाच मुक्कामास ठेवावी, तिने पहाटे निघून दहाच्या आत अहिल्यानगर गाठावे व सायंकाळी कचेऱ्या सुटल्यावर परत निघावे. डेमूस दोन्ही टोकांस चालकाची खोली असते. इंजिन फिरविण्याचीही अडचण नाही. वेग मात्र वाढवावा लागेल, आणि रविवारची सुट्टी रद्द करावी लागेल.