हळू उडताना लढाऊ विमान का बिथरतं?

धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवर किंवा जळगाव विमानतळावर सरावाची छोटी विमानं ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटर वेगाने सहज उतरतात. नाशिकजवळ ओझरला बनलेल्या मिग-21 या लढाऊ विमानाला मात्र धावपट्टीकडे येताना ताशी तीनशेहून अधिक वेग राखावा लागे.

कारण त्याचे पातळ, त्रिकोणी पंख. वेग घटला की उचल टिकवायला नाक बरंच वर करावं लागतं. पंखांवर हवेचे भोवरे तयार होतात, ते विमान तोलून धरतात. पण हवेचा अडथळाही झपाट्याने वाढतो. म्हणजे ठरावीक मर्यादेनंतर आणखी हळू उडायचं तर इंजिनाला जास्त जोर द्यावा लागतो! त्यात नियंत्रणाचा दांडा डावीकडे वळवला तर नाक उजवीकडे सरकू शकतं, म्हणून वैमानिक पायांनी रडर (शेपटीवरचं उभं सुकाणू) सांभाळतो.

उड्डाणाची नक्कल करणाऱ्या सिम्युलेटरची खरी परीक्षा इथेच. पवनबोगद्यात मोजलेल्या आकड्यांच्या तक्त्यांवर तो बहुतेकदा चालतो. नाक फार वर गेलं की हवा पंखापासून सुटते, प्रवाह क्षणोक्षणी बदलतो. नाक वर जाताना आणि खाली येताना, कोन तोच असूनही उचल वेगळी मिळते. एका कोनाला एकच आकडा देणारा तक्ता हे पकडू शकत नाही. आसनातून जाणवणारी थरथर तर पडद्यावर येतच नाही.

घरच्या संगणकावर विमान उडवणाऱ्या मुलांनी हे जरूर करून पाहावं: उंची कायम ठेवून वेग कमी करत जा. शेवटी थ्रॉटल (इंजिनाचा जोर) पुन्हा वाढवावा लागला नाही, तर तो सिम्युलेटर कच्चा समजा.