ओळखीचे भांडवल

बॉस्टनचे व्यापारी एडवर्ड फाइलीन १९०७ साली बंगाल इलाख्यात आले असता तेथील सहकारी पतपेढ्यांचा कारभार पाहून इतके प्रभावित झाले की, मायदेशी परतल्यावर त्यांनी अमेरिकेतील पतपेढ्यांच्या चळवळीस आयुष्यभर द्रव्य पुरविले. १९३४ साली कोलोरॅडोतील एस्टेस पार्क येथे तिच्या राष्ट्रीय संघटनेची घटना सिद्ध झाली. सिगारच्या पेटीत रोकड ठेवून दफ्तर सांभाळणाऱ्या एकाकी कार्यकर्त्यांना तिच्यामुळे समव्यवसायी बांधव लाभले. सभासदत्व एकाच कारखान्यापुरते वा गावापुरते मर्यादित असे, त्यामुळे दोन संस्थांत स्पर्धा बेताचीच. म्हणून आजही अमेरिकी पतपेढीतील विपणनाधिकारी आपल्या यशस्वी कर्जमोहिमेचा मसुदा दुसऱ्या संस्थेतील सहकाऱ्याच्या हाती निःसंकोच देतो, आणि नवख्याच्या उमेदवारीत हे औदार्य मला पदवीहूनही मोलाचे वाटते.