गाडीखालचा लाल डाग

चांदूर बाजारहून परतवाडामार्गे चिखलदऱ्याचा घाट चढताना जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स चांगलाच तापतो. त्यात वऱ्हाडातला मे, पारा ४५ अंशांकडे. वर्षानुवर्षांच्या अशा उष्णतेनं रबरी सील कडक होऊन चिरतात आणि गळती लागते. बहुधा पॅनच्या गॅस्केटमधून, अ‍ॅक्सलच्या ऑइल सीलमधून किंवा कूलरच्या पाइपांतून.

रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवा. लालसर, तेलकट डाग दिसला तर तो बहुतेक ट्रान्समिशन फ्लुइडचा. तो तपकिरी असेल नि जळकट वास येत असेल, तर दुखणं जुनं आहे. एसीचं स्वच्छ पाणी ठिबकणं मात्र नेहमीचंच.

'डी' टाकल्यावर गाडी उशिरा, झटक्यानं निघते, किंवा इंजिन नुसतं गुरगुरतं नि वेग वाढत नाही? मग दामटू नका. फ्लुइड कमी पडलं की आतल्या क्लच प्लेटा जळतात. तात्पुरतं म्हणूनही इंजिन ऑइल ओतू नका. पातळी तपासण्याची रीतही प्रत्येक गाडीची वेगळी: बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू ठेवून, होंडाच्या अनेक जुन्या गाड्यांत बंद केल्यावर लगेच. गाडीची पुस्तिका वाचूनच डिपस्टिकला हात घाला.