सणाचा स्वयंपाक, मुंबईतील

सणाचा स्वयंपाक, मुंबईतील : सण, व्रते, कुलाचार आणि कौटुंबिक समारंभ यांनिमित्त नित्याच्या आहाराहून वेगळा असा जो स्वयंपाक केला जातो, त्यास सामान्यतः ‘सणाचा स्वयंपाक’ म्हणतात. प्रस्तुत नोंदीत गिरगाव, दादर, परळ व लालबाग या मराठी वस्तीच्या भागांतील अशा स्वयंपाकाचा विचार केला आहे. कोकण व देश येथून आलेले पदार्थ या भागांत बहुतांशी जसेच्या तसे टिकून राहिले. परंतु ते कोणी, कोठे व कोणाच्या मदतीने करावयाचे, हे शहरातील जागा, पाणी, इंधन आणि कामाच्या वेळा यांनी ठरविले. त्यामुळे येथील सणाच्या स्वयंपाकाचा इतिहास हा पाककृतींइतकाच स्त्रियांच्या श्रमांचाही इतिहास आहे.

वस्ती व स्वयंपाकाची जागा : १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन झाली. पुढील काळात रत्नागिरी, सातारा इ. जिल्ह्यांतून आलेले कामगार परळ, लालबाग व आसपासच्या भागांत वसले आणि या परिसरास ‘गिरणगाव’ हे नाव पडले. गिरगावात पाठारे प्रभू, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू, सारस्वत, ब्राह्मण इ. समाजांची वस्ती होती. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या नगर सुधार न्यासाने दादर-माटुंगा भागाची आखणी केली व तेथे स्वतंत्र स्वयंपाकघर असलेली बिऱ्हाडे उभी राहिली. चाळीत मात्र एकच खोली असे. १९२० नंतर बांधलेल्या बी. डी. डी. चाळींतील खोली सु. १६० चौ. फुटांची होती. चूल, मोरी, अंथरूण आणि देव्हारा यांची सोय तेवढ्यात लावावी लागे. नळाचे पाणी ठराविक वेळीच येई. म्हणून डाळ भिजविणे, तांदूळ धुणे ही कामे त्या वेळा पाहून केली जात. कोळशाची शेगडी, भुशाची शेगडी व घासलेटचा स्टोव्ह ही साधने होती. सणाच्या दिवशी दोन चुली एकाच वेळी पेटणे हीच मोठी सोय मानली जाई.

ताटाची घडण : सणाच्या ताटात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी व कोशिंबीर, उजवीकडे भाज्या व आमटी, मध्यभागी मूद पाडलेला वरणभात आणि एक गोड पदार्थ अशी मांडणी असते. पूर्ण स्वयंपाकात एका पदार्थाचा उरलेला भाग दुसऱ्यास उपयोगी पडतो. उदा., पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवून निथळली, की निघणाऱ्या पाण्याची कटाची आमटी होते. डाळीच्या बरोबरीने गूळ घालून पुरण घट्ट शिजवितात. ते सैल राहिल्यास पोळी लाटताना फुटते. उकडीच्या मोदकांसाठी धुऊन वाळविलेल्या सुवासिक तांदळाची, विशेषतः आंबेमोहोराची, पिठी वापरतात. पिठीइतक्याच उकळत्या पाण्यात तिची उकड काढून ती गरम असतानाच मळावी लागते. गार उकडीच्या पारीला चिरा पडतात. हे पदार्थ त्याच दिवशी, नैवेद्याच्या वेळेआधी आणि बहुधा घरातील स्त्रीनेच करावयाचे असत. सोवळे पाळणाऱ्या कुटुंबांत तर शेजारणीची मदतही घेता येत नसे.

वार्षिक क्रम : गुढी पाडव्यास श्रीखंड, उन्हाळ्यात वर्षभराचा मसाला, आषाढी अमावास्येस सामिष जेवण, नारळी पौर्णिमेस नारळी भात, पिठोरी अमावास्येच्या सुमारास कायस्थ प्रभू घरांत निनावं, गणेश चतुर्थीस मोदक, ऋषिपंचमीस बैलांच्या श्रमांवाचून पिकलेल्या भाज्यांची मिसळभाजी, होळीस पुरणपोळी असा साधारण क्रम आहे. मालवणी कुटुंबांत आषाढी अमावास्येस वडे-सागुती करतात. कोकणातील काही समाजांत गौरीलाही तिखटाचा नैवेद्य दाखवितात. ‘सणाचे जेवण म्हणजे शाकाहारी जेवण’ हे समीकरण त्यामुळे या भागास लागू पडत नाही. मसाल्यासाठी लालबागचा बाजार प्रसिद्ध आहे. पावसाळ्यापूर्वी बेडगी, संकेश्वरी इ. मिरच्या व गरम मसाल्याचे जिन्नस विकत घेऊन, ते वाळवून व भाजून स्त्रिया डंकावर समक्ष कुटून घेतात. याखेरीज बारशाच्या घुगऱ्या, डोहाळजेवण, केळवण व सत्यनारायणाचा सव्वाच्या मापाचा शिरा हे घरगुती प्रसंगांचे विशेष होत. सत्यनारायणाची पूजा चाळींमध्ये सार्वजनिकही होऊ लागली आणि प्रसादाची कढई सामायिक झाली.

फराळ व सहकार्य : दिवाळीच्या फराळाचे स्वरूप नैवेद्याच्या स्वयंपाकाहून निराळे आहे. चकली, कडबोळी, शंकरपाळे, करंज्या, चिवडा व लाडू यांत पाण्याचा अंश अल्प असल्याने ते बरेच दिवस टिकतात. साहजिकच ते आगाऊ करता येतात व अनेकींनी मिळून करता येतात. करंज्यांसाठी एकीने लाटावयाचे, दुसरीने भरावयाचे, तिसरीने कातावयाचे व चौथीने तळावयाचे, अशी कामाची विभागणी चाळीच्या व्हरांड्यात रूढ झाली. आज एकीच्या, उद्या दुसरीच्या घरचा घाणा निघे. पुरणयंत्र, सोऱ्या, मोठी कढई ही साधने मजल्यावर फिरत. अनुभवी स्त्रीचे मोल अनारशांच्या वेळी कळे. तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, ते ओलसर असतानाच कुटतात आणि पिठात गूळ मिसळून गोळा काही दिवस मुरू देतात. गूळ किंवा ओल अधिक झाल्यास अनारसा तुपात विरघळून पसरतो. यास ‘अनारसा हसणे’ म्हणतात. महागडे तूप वाया जाऊ नये, म्हणून पहिला अनारसा जाणत्या शेजारणीच्या देखरेखीखाली सोडण्याचा प्रघात होता.

खानावळी : गिरणी कामगारांपैकी अनेक जण कुटुंब गावी ठेवून, एका गावच्या मंडळींनी मिळून घेतलेल्या खोलीत राहत. गणपती व शिमगा यांसाठी ते शक्यतो गावी जात. ज्यांना रजा मिळत नसे, त्यांचा सण खानावळीत होई. खानावळ चालविणारी स्त्री बहुधा कामगाराचीच पत्नी वा विधवा असे. ती आपल्याच खोलीत दोन वेळचे जेवण रांधी व पैसे पगारानंतर घेई. तोवर वाण्याची उधारी तिच्या शिरावर असे. संपाच्या काळात पगार थांबले, तरी अनेक खानावळवाल्यांनी कामगारांना जेवू घातले. दुसऱ्यांचा सण साजरा करणाऱ्या या स्त्रियांचे काम दीर्घकाळ ‘घरकाम’ म्हणूनच गणले गेले. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी स्थापन केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने त्यांना संघटित करून बँकांची कर्जे मिळवून दिली; त्यामुळे सावकारी व्याजातून त्यांची सुटका होऊ लागली.

टंचाई : १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले. तेव्हापासून साखर, तेल व घासलेट यांचा पुरवठा हा सणाच्या स्वयंपाकातील निर्णायक घटक बनला. १९७२ च्या दुष्काळात भाव भडकले, तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर इत्यादींच्या नेतृत्वाखाली महागाई प्रतिकार संयुक्त स्त्री समितीने मोर्चे काढले. त्यांत स्त्रियांनी थाळ्या व लाटणी वाजविली. स्वयंपाकघरातील साधन या वेळी रस्त्यावर निषेधाचे चिन्ह बनले.

घरगुती श्रमांकडून व्यवसायाकडे : जो पदार्थ टिकतो, तो विकताही येतो. १५ मार्च १९५९ रोजी सात गुजराती गृहिणींनी गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर उसन्या ८० रुपयांच्या भांडवलावर पापड लाटण्यास आरंभ केला. त्यातून ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ ही संस्था वाढली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर हजारो कामगारांचे रोजगार गेले. त्यांच्या घरांतील अनेक स्त्रियांनी पोळी-भाजी, मसाले व दिवाळीचा फराळ पुरवून संसार सावरला. दादरमध्ये नोकरदार स्त्रियांची संख्या वाढत गेली व तेथे या मालास मागणी मिळाली. एकीला वेळ नव्हता व दुसरीला वेतन नव्हते. या दोन गरजा फराळाच्या डब्यात एकत्र आल्या. प्रथम फराळ, नंतर पुरणपोळी व अखेरीस उकडीचे मोदकही मागणीनुसार मिळू लागले.

पाकग्रंथ : लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया या ग्रंथात पाठारे प्रभू पद्धतीच्या अनेक पाककृती आढळतात. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कमलाबाई ओगले यांच्या रुचिरा या पुस्तकाने वाटी-चमच्याची मापे घरोघरी पोहोचविली. सासू वा शेजारीण जवळ नसलेल्या बिऱ्हाडांस अशा पुस्तकांचा विशेष उपयोग झाला.

सद्यःस्थिती : चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत, बी. डी. डी. चाळींच्या पुनर्विकासात रहिवाशांना ५०० चौ. फुटांची घरे देण्याची योजना आहे. गॅस, फ्रिज आणि स्वतंत्र ओटा यांमुळे कष्ट बरेच कमी झाले आहेत. मात्र सामायिक व्हरांडा जाऊन दारे बंद झाली आहेत. फराळ आता पुष्कळदा विकत येतो व परदेशी असलेल्या मुलांकडे पाठविलाही जातो. मात्र मोदकाच्या कळ्या किंवा अनारशाचे पीठ यांचे ज्ञान हातांतून हातांत जाणारे आहे. ते ज्यांच्या हातांत आहे, त्यांच्या श्रमांचे मोल जेथे ओळखले जाते, तेथेच ही परंपरा सकस राहिली आहे.